टिकली मोठी म्हणून बाई वाईट नसते

फौजेत कुठल्याही स्टेशनवर जा, ऑफिसर्स मेसमध्ये एक विनोद ठरलेला असतो. कुणाची तरी बायको यायला उशीर होतो आणि कुणीतरी म्हणतं, "सीरियल संपल्याशिवाय कशी निघेल?" सगळे हसतात. हा विनोद मी राजस्थानात ऐकला, पंजाबात ऐकला, आसामात ऐकला. पोस्टिंग बदलतं, मेसचा कुक बदलतो, विनोद तोच राहतो. निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही तोच फिरतो, फक्त खाली हसरे चेहरे जास्त असतात.

मला या विनोदाचा कंटाळा आला आहे. आणि ज्या मालिकांवरून तो होतो त्यांचा त्याहून जास्त. म्हणून आज दोन्ही बाजूंना एकदाच तोंड देतो.

माझं म्हणणं साधं आहे. मालिका घरातल्या भांडणांवर असतात म्हणून हसणारे चुकतात, कारण घरातली भांडणं ही हसण्याची गोष्ट नाही; निदान ज्याने कंपनी सांभाळली आहे त्याने तरी हसू नये. आणि मालिका बनवणारे याच भांडणांचं कारण आपल्याला साफ खोटं सांगतात. ते म्हणतात, घरात एक वाईट बाई आहे, तिला पकडा, सगळं ठीक होईल. वीस-बावीस वर्षं जवानांच्या घरच्या तक्रारी ऐकून सांगतो, ती बाई मला अजून भेटलेली नाही.

आधी हसणाऱ्यांचं बघू.

पहिली गोष्ट, मालिका फक्त बायका बघतात हा समज. संध्याकाळी रोल कॉल झाल्यावर जवानांच्या मनोरंजन रूममध्ये एकदा डोकावून बघा. क्रिकेट नसेल त्या दिवशी तिथे काय लागलेलं असतं? 'बालिका वधू' जोरात होती त्या काळात चांगले धिप्पाड हवालदार आनंदीच्या काळजीने गप्प बसलेले मी पाहिले आहेत. साहेब आत आले की रिमोट शोधायची धावपळ व्हायची आणि बातम्या लागायच्या. लाज कशाची? त्यातल्या प्रत्येकाच्या घरी लग्नाची बहीण होती, नाहीतर सासरी गेलेली मुलगी होती.

दुसरी गोष्ट, मालिका बघून बायका बिघडतात हा समज. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. २००१ ते २००३ या काळात भारताच्या ग्रामीण भागातल्या बायकांशी पुन्हा पुन्हा बोलून त्यांनी पाहिलं की गावात केबल आल्यावर काय बदलतं. त्यांना आढळलं ते असं: नवऱ्याने मारलं तर चालतं असं मानणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरच्या निर्णयांत बायकांचा शब्द वाढला. ही वर्षं कुठली ते लक्षात घ्या. ती तुलसी आणि पार्वतीची वर्षं. म्हणजे ज्या मालिकांना आपण डोकं बंद करून बघायच्या गोष्टी म्हणतो, त्या आणणाऱ्या केबलनेच कुठेतरी एखाद्या बाईला मान वर करायला बळ दिलं. मेसमधल्या विनोदाने आजवर कुणाला काय दिलं?

तिसरी गोष्ट, आपण विसरलो आहोत की या मालिका सुरू कशा झाल्या. 'हम लोग' ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर आली. लेखक मनोहर श्याम जोशी. माझ्या पिढीने ती अगदी लहानपणी, शेजारच्यांच्या घरी जमिनीवर बसून पाहिली. त्या घरातही रोज भांडण होतं. पण प्रत्येक भांडणाला कारण होतं: बाप दारू पितो, मुलाला नोकरी नाही, मोठ्या मुलीचं लग्न जमत नाही, पैसे पुरत नाहीत. भाग संपला की अशोक कुमार समोर येऊन प्रेक्षकांशी बोलायचे. त्या घरात कारस्थान करणारी बाई कुणी शोधत नव्हतं. तशी गरजच नव्हती. पुढे १९८६ मध्ये 'बुनियाद' आली. तिथे घर मोडलं ते फाळणीने. १९९४ मध्ये दूरदर्शनवर दुपारी 'शांती' सुरू झाली. तीत आईवर झालेल्या अन्यायाचा जाब विचारणारी पत्रकार होती. दुपारची मालिका म्हणजे रिकामटेकड्यांचा वेळ घालवणं, हे तेव्हाही खरं नव्हतं.

मग बिघडलं कुठे? ३ जुलै २००० ला 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली तेव्हा आमची पिढी अकादमीच्या नाहीतर कॉलेजच्या वयात होती. ती मालिका २००८ पर्यंत चालली, १८०० हून जास्त भाग झाले. पाठोपाठ 'कहानी घर घर की', पाठोपाठ 'कसौटी ज़िंदगी की'. २०२५ मध्ये तर तुलसी पुन्हा परत आली आहे, तेव्हा हा जुन्या काळाचा विषय आहे असं कुणी म्हणू नये.

या मालिकांचा साचा एकदा नीट बघा. घर प्रचंड मोठं. पुरुष सूट घालून 'ऑफिस'ला जातात आणि कोट्यवधींच्या 'डील' करतात. ऑफिसात नक्की काय बनतं, काय विकतं, हे आठ वर्षांत कळत नाही. कॅमेरा दिवाणखान्यातून हलत नाही, कारण रोज एक भाग द्यायचा तर सेट तोच लागतो, बाहेरचं चित्रीकरण परवडत नाही. आता कॅमेरा घरातून बाहेर पडणार नसेल तर शत्रू घरातच ठेवावा लागतो. बाहेरची महागाई, बाहेरचा सावकार, बाहेरची कोर्टकचेरी दाखवायची सोय नाही. म्हणून मोठ्या टिकलीची जाऊबाई. म्हणून दाराआड उभी राहून ऐकणारी नणंद. पायल, पल्लवी, कोमोलिका. कोमोलिकाच्या टिकल्या तर बाजारात विकायला आल्या होत्या. चांगली बाई साधी साडी नेसते आणि रडते, वाईट बाई काजळ घालते आणि आपला बेत कॅमेऱ्याला मोठ्याने सांगते. आपल्या मराठीतही सासू-सुनेचं युद्ध तीन हजारांहून जास्त भाग चाललं, 'चार दिवस सासूचे' हे नावच होतं त्याचं. 'माझ्या नवऱ्याची बायको' मध्ये नवरा दुसरीकडे जातो, आणि साडेचार वर्षं घराघरांत शिव्या कोण खातं? शनाया. गुरुनाथला लोक हसून सोडून देतात.

इथे माझा खरा राग आहे. या साच्यात पुरुष कधीच गुन्हेगार नसतो. तो भोळा असतो. त्याला काही माहीत नसतं. आई सांगते ते ऐकतो, बायको सांगते ते ऐकतो, जी शेवटी बोलली तिचं खरं मानतो. अपघातात त्याची स्मृती जाते. तो मरतो आणि प्रेक्षकांनी आग्रह केला म्हणून परतही येतो; मिहिर विराणीच्या बाबतीत हे अक्षरशः झालं. सगळं होतं, फक्त एक होत नाही: घरातल्या दोन बायकांमध्ये काय ठरवायचं ते तो ठरवत नाही, आणि त्याला कुणी जाब विचारत नाही.

हा भोळा माणूस मी ओळखतो. तो माझ्या कंपनीत होता. प्रत्येक कंपनीत असतो.

सिव्हिलमधल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस कॅज्युअल रजा. म्हणजे पलटण फील्डमध्ये असली की वर्षातले पावणेतीनशे दिवस त्याचं घर त्याच्याशिवाय चालतं. बायको एकतर गावी सासरी असते, नाहीतर सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये मुलांच्या शाळेसाठी एकटी राहते. या पावणेतीनशे दिवसांत घरात जे प्रश्न उभे राहतात ते रोमँटिकही नसतात आणि कारस्थानीही नसतात. ते असे असतात: पगाराच्या खात्याचं एटीएम कार्ड कुणाकडे? कँटीनचं कार्ड घेऊन शहरात कोण जाणार, दीर की बायको? नवऱ्याने बांधलेलं घर सासऱ्याच्या नावावरच्या जमिनीवर आहे, मग ते कुणाचं? क्वार्टर मिळालं तर सून जाणार की सासूच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत थांबणार? धाकट्या नणंदेच्या लग्नाचं कर्ज कुणी काढायचं?

यातला एकही प्रश्न बाई वाईट आहे म्हणून उभा राहत नाही. पैसा मोजका आहे, माणूस लांब आहे आणि त्याने निर्णय घेतलेला नाही म्हणून उभा राहतो. फौजी माणसाला हे रसदीच्या भाषेत पटकन कळावं. पुढच्या चौकीला रेशन पोचलं नाही आणि तिथली दोन सेक्शन एकमेकांवर खेकसायला लागली, तर कुठला कंपनी कमांडर त्यांच्यातला 'खलनायक' शोधत बसेल? तो आधी खेचरं कुठे अडकली ते विचारेल. घराच्या बाबतीत मात्र हाच कंपनी कमांडर म्हणतो, "अरे, तेच सास-बहू."

एका नाईकाची गोष्ट सांगतो. नाव, गाव, पलटण सांगणार नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती, वर्षाची मुलगी होती. लग्नाची पार्ट टू ऑर्डर निघालेली होती, म्हणजे कागदोपत्री बायकोची नोंद होती. पण ग्रुप इन्शुरन्सचं नामनिर्देशन भरती झाला त्या दिवशी केलं होतं तसंच: शंभर टक्के आई. कंपनी ऑफिसच्या क्लार्कने दोनदा विचारलं. त्याचं उत्तर मला अजून आठवतं, कारण ते त्याने माझ्यासमोरच दिलं: "आईचं नाव काढलं तर तिला काय वाटंल, साहेब? रजेवर गेलो की बोलतो घरी." ताबडतोब बदलून घे, असं त्याला तिथल्या तिथे सांगितलं. तो 'हो साहेब' म्हणाला आणि रजेवर गेला. रजेवर असताना मोटरसायकलच्या अपघातात गेला.

पुढे सगळं नियमाप्रमाणे झालं. फॅमिली पेन्शन पत्नीला, कारण पेन्शन नियमाने पत्नीलाच जाते. विम्याची रक्कम आईला, कारण कागदावर आई होती. आईला वाटलं, या पैशातून घराचं कर्ज फिटेल, पोराने त्यासाठीच तर कर्ज काढलं होतं. चोवीस वर्षांच्या बायकोला वाटलं, हा पैसा मुलीचा आहे. दोघींचं खरं होतं. गावात दोन महिन्यांत दोन पक्ष पडले. सासरची माणसं म्हणायची, सून पोचलेली आहे, पेन्शन घेऊन माहेरी जाणार. माहेरची म्हणायची, सासूने पैसा दाबला. "अगदी सीरियलमधल्यासारखं चाललंय साहेब," असं गावातला एक माणूस मला फोनवर म्हणाला, जणू त्याने एक साधी माहिती दिली.

त्या दोघींपैकी एकीनेही कारस्थान केलं नव्हतं. त्या अर्जात टक्केवारी लिहायला जागा असते. आई चाळीस, बायको साठ, जे काय ते. एक सही. ती सही पुरुषाने करायची होती. पण गावाने पाहिलेल्या हजारो भागांमध्ये असं भांडण कधी एका न केलेल्या सहीमुळे झालं नव्हतं, ते नेहमी बाईमुळेच झालं होतं. म्हणून गावाने बाई शोधली, आणि दोन सापडल्या. मला शेवटचं कळलं तेव्हा त्या एकाच घरात दोन चुली मांडून राहत होत्या.

मालिकांनी नुकसान काय केलं असं कुणी विचारलं तर मी हे दाखवेन. वेळ वाया गेला, साड्या महागड्या होत्या, हे किरकोळ आहे. खरं नुकसान हे की त्यांनी एका साध्या, सुटू शकणाऱ्या भांडणाला एक तयार चेहरा देऊन ठेवला.

आणि हा साचा फक्त पडद्यावर नाही, कायद्याच्या कागदांतही होता. शौर्यपदकाबरोबर जो मासिक भत्ता मिळतो तो पदकविजेत्याच्या पश्चात त्याच्या पत्नीला मिळतो. तिने पुनर्विवाह केला तर तो बंद व्हायचा, पण दिवंगत पतीच्या भावाशी लग्न केलं तर चालू राहायचा. ही अट सरकारने काढली नोव्हेंबर २०१७ मध्ये. म्हणजे एकविसाव्या शतकातही सतरा वर्षं सरकारी आदेश त्या बाईला सांगत होता, दिराशी लग्न कर नाहीतर भत्ता सोड. एखाद्या मालिकेत हे दाखवलं असतं तर आपणच म्हणालो असतो, काय अतिशयोक्ती करतात! ती अट कुठल्या जावेने किंवा नणंदेने घातली नव्हती. ती गेली तेव्हा मात्र कुठल्याही महाएपिसोडमध्ये ढोल वाजले नाहीत.

'लागिरं झालं जी' चं नाव काढल्याशिवाय हा लेख साताऱ्याकडचे वाचक मला संपवू देणार नाहीत. २०१७ ते २०१९ या काळात आलेली ती मालिका मला मनापासून आवडली होती. सातारा भागातलं गाव, तिथली बोली, फौजेत जायचं स्वप्न घेऊन पळणारा अजिंक्य. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, तिथल्या पोराला नायक करायला मराठी टीव्हीने इतकी वर्षं लावली हेच आश्चर्य. आमच्या कित्येक जवानांच्या घरच्यांनी ती श्रद्धेने पाहिली. पण तिच्यासारख्या मालिकांना मिळालेलं प्रेम बघूनच माझी तक्रार वाढते. प्रेक्षक फौजीचं घर बघायला तयार आहे हे सिद्ध झालं. मग वर्दी, विरह आणि लग्न यांच्या पुढे का जायचं नाही? फौजी नवऱ्याचा विरह पडद्यावर छान दिसतो, गाणं टाकता येतं. त्याच्या बायकोला बँकेत पाचव्यांदा परत पाठवलेलं कुणी का दाखवत नाही?

आता आक्षेप मला माहीत आहे. "साहेब, मनोरंजन आहे ते. नामनिर्देशनाचा अर्ज कोण बघणार? टीआरपी दर आठवड्याला येतो." मान्य, पोटाचा धंदा आहे. पण मला सांगा, वरच्या नाईकाच्या घरात नाट्य कमी आहे का? आई आणि बायको, दोघीही खऱ्या, दोघींचंही त्याच्यावर प्रेम, आणि मधला माणूस गेलेला. यात दाराआड ऐकणारी नणंद घालून काय वाढतं? उलट कमी होतं. बाई वाईट ठरली की प्रेक्षक निश्चिंत होतो, त्याला पुढे विचार करावा लागत नाही. दोघीही बरोबर असतील तर तो रात्री झोपताना बायकोला विचारेल, "अगं, आपल्या खात्याला नॉमिनी कोण आहे?" 'हम लोग' बघून लोक असेच आपसांत बोलायचे. तेव्हाच्या लेखकाला जमलं, आजच्यांना जमणार नाही असं मी मानत नाही.

आणखी एक आक्षेप आपल्याच लोकांकडून येतो: घरातली धुणी बाहेर कशाला? फौजेची प्रतिमा काय राहील? अरे, फौजेने ही धुणी कधीच कायद्यात लिहून ठेवली आहेत. बायकोमुलांच्या पोषणासाठी पगारातून सक्तीने कपात करायची तरतूद आर्मी ॲक्ट १९५० मध्येच आहे, कलम ९० आणि ९१. ज्यांनी हा कायदा केला त्यांना माहीत होतं की सैनिकाच्या घरातही पैसे न पाठवणारा नवरा असू शकतो. बायकोने सरळ सीओ साहेबांना पत्र लिहायचं, चौकशी होते, कपात सुरू होते. मी अशी पत्रं वाचली आहेत. वहीच्या पानावर, दोन्ही बाजूंनी, खाली मुलांची नावं आणि इयत्ता. त्यात एकही संवाद मालिकेसारखा नसतो. "चार महिन्यांपासून पैसे आले नाहीत, दुकानदार उधार देत नाही," बस. त्या वाक्यावर विजेचा कडकडाट करून तीनदा चेहरा दाखवायची गरज पडत नाही.

तेव्हा मेसमधल्या मित्रांना आणि व्हॉट्सअॅपवरच्या माजी साहेबांना सांगणं एवढंच. दुपारी क्वार्टरमधून मालिकेचा आवाज आला तर हसू नका. आत बसलेली बाई तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात अवघड प्रश्नावर कुणीतरी बोलतंय का ते बघते आहे. तिला तिथे खोटं उत्तर मिळतं हा दोष तिचा नाही. खरं उत्तर द्यायचं काम तुमचं आहे, आणि ते तुम्ही विनोदावर घालवता. कंपनी कमांडर असाल तर पुढच्या सैनिक संमेलनात दहा मिनिटं यावर बोला. जवान असाल तर या रजेत, मटण आणि जत्रा आटोपल्यावर, आई आणि बायकोला एकत्र बसवा. पार्ट टू ऑर्डर निघाली का, मुलांची नावं चढली का, विम्यावर कुणाचं किती टक्के, घर कुणाच्या नावावर, कार्ड कुणाकडे, हे दोघींच्या समोर बोला. आईला वाईट वाटेल. वाटू द्या. तुमच्या तोंडून ऐकून वाटलेलं वाईट चार दिवसांत जातं.

निवृत्त असाल तरी सुटका नाही. पेन्शनच्या कागदांवर बायकोचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, ते उद्याच बघा. स्पेलिंगमधल्या एका अक्षरासाठी वर्षभर हेलपाटे घालणाऱ्या वीरपत्नी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर आजही बसलेल्या दिसतील.

आणि मालिका लिहिणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना आमंत्रण. कुठल्याही छावणीत फॅमिली वेल्फेअर मीटच्या दिवशी या. चहा-सामोसे मिळतील. मोठ्या टिकलीच्या बऱ्याच बायका भेटतील. त्यातल्या एखादीने दोन वर्षं एकटीने सासऱ्यांचं डायलिसिस केलेलं असेल, मुलीला दहावीला बसवलेलं असेल आणि शेतीच्या वादाची केस लढवलेली असेल. तिच्याशी बोला. तिची जाऊही तिथेच असेल, तिच्याशीही बोला.